टाइलमधून दादासाहेब फाळके करायचेत? आधी उजेडाचा हिशोब करा

जिन्यातली मोकळी भिंत, शाळेचा पॅसेज, सोसायटीचं एन्ट्रन्स, अशा जागी छोट्या टाइलचा एक मोठा चेहरा लावायचा असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, आणि मग सगळे पहिली उडी मारतात ती रंगावर, दुकानात जायचं आणि हा निळा घेऊ का तो चॉकलेटी घेऊ. पण चेहरा रंगानं ओळखू येतच नाही, तो ओळखू येतो उजेड-अंधारानं. कुठला खण (म्हणजे एका टाइलचा चौकोन) किती उजळ आणि कुठला किती गडद एवढं बरोबर जमलं ना की मग अख्खा चेहरा हिरव्या टाइलमध्ये केलात तरी लोक लांबून नाव घेऊन सांगतील कोण आहे. म्हणून माझं म्हणणं एकच, टाइल चिकटवायच्या आधी दोन-तीन दिवस नुसते मोजमापाला द्या.

हे काम ज्यानं खऱ्या अर्थानं मार्गी लावलं तो केन नोल्टन, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतला कॉम्प्युटरवाला माणूस. १९६६ साली त्यानं आणि लिऑन हार्मननं एक फोटो स्कॅन करून त्याचे बारीक बारीक खण पाडले आणि प्रत्येक खणात त्याच्या उजेडाप्रमाणे छोटं छोटं चिन्ह छापलं, १२ फूट लांबीचं चित्र झालं ते. जवळून नुसती चिन्हं, लांबून माणूस. पुढे नोल्टन खऱ्या वस्तूंकडे वळला, डॉमिनोच्या सोंगट्या, फासे, शिंपले, आणि डॉमिनोच्या पद्धतीचं तर त्यानं ८०च्या दशकात पेटंटही घेतलं. समुद्रात बुड्या मारणाऱ्या जॅक कूस्तोचा चेहरा त्यानं शिंपल्यांतून केलाय आणि अंध लेखिका हेलन केलरचा ब्रेलमधून, म्हणजे ज्याचा चेहरा त्याच्याच दुनियेतली वस्तू. हा माणूस २०२२ मध्ये गेला, पण त्याची पद्धत आज आपल्या मोबाइलवर आणि एक्सेलवर आरामात होते.

आता आपल्या नाशिकमध्ये लावायचा तर कोणाचा चेहरा? माझं मत दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्म, १९४४ साली नाशकातच गेले, पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आणि मुळात हा माणूसच कला आणि यंत्र दोन्ही हातात धरून चाललेला, चित्रकला शिकला, फोटोग्राफी केली, छपाई केली, वाटाण्याचं रोप कसं उगवतं ते एकेक फ्रेम घेऊन पडद्यावर वाढताना दाखवलं. शिवाय त्यांचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे रंगाचा मोह आपोआप सुटतो. तुम्हाला आजीचा करायचाय तर आजीचा करा, पद्धत तीच.

फोटो घेताना एका बाजूनं उजेड पडलेला घ्या, फ्लॅश मारलेला सपाट फोटो नको. आणि कापताना दया दाखवू नका, खांदे, कोट, मागची खुर्ची सगळं बाहेर. आपण ४० खण रुंद आणि ५० खण उंच असं धरू, म्हणजे २००० टाइल. त्यात चेहरा साधारण २६ खण रुंद यायला हवा, कारण चेहऱ्याच्या रुंदीत साधारण पाच डोळे बसतात, म्हणजे एका डोळ्याला मिळाले पाच खण, आणि पाच खणांच्या खाली डोळा गेला की तो डोळा न राहता डाग होतो. गिम्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात फोटो ग्रे करा, ४० बाय ५० पिक्सेलला लहान करा आणि मग पोस्टराइझ करून ६ शेडवर आणा. झालं, हा तुमचा नकाशा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोबाइल धरून बघा, ओळखू येतोय का, येत नसेल तर टाइलमध्येही येणार नाही, दुसरा फोटो शोधा.

टाइल घ्यायची ती स्विमिंग पूलची काचेची, २० मिलिमीटरची चौकोनी, ४ मिलिमीटर जाड. ती शीटमध्ये मिळते, एका शीटवर १५ बाय १५ म्हणजे २२५ टाइल, दोन टाइलमध्ये साधारण २ मिलिमीटरची फट. म्हणजे एक खण धरायचा २२ मिलिमीटरचा आणि आपलं चित्र होतं ८८ सेंटीमीटर बाय ११० सेंटीमीटर. प्रत्येक शेडचे खण आधी मोजा आणि मग शीट घ्या, कारण चित्रात सहा शेड कधीच सारख्या लागत नाहीत, जुन्या फोटोत गडद भागच जास्त असतो. १० टक्के जास्तीच्या घ्या आणि एका शेडची सगळी शीट एकाच बॅचची आहेत ना ते बॉक्सवर बघून घ्या.

दुकानातून आधी फक्त सँपल आणायचं. सगळ्या शेडच्या टाइल एका पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा, खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही कारण काच चमकते, मोबाइलच्या स्क्रीनवर बोट दाबून एक्सपोजर (कॅमेऱ्याचं उजेडाचं सेटिंग) लॉक करा आणि सगळ्यांचा मिळून एकच फोटो काढा. मग गिम्पमधल्या कलर पिकरनं (रंगाचा आकडा दाखवणारं टूल) प्रत्येक टाइलचा आकडा वाचा, ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. इथे एक गोम आहे जी फार कमी लोक सांगतात. तो आकडा म्हणजे उजेड नव्हे. १२८ म्हणजे निम्मा उजेड असं वाटतं ना, प्रत्यक्षात तो असतो २२ टक्क्यांच्या आसपास, निम्म्या उजेडाला आकडा लागतो १८८. त्यामुळे आकड्याला २५५ नं भागा आणि त्याचा २.२ घात करा, एक्सेलमध्ये एका फॉर्म्युल्याचं काम आहे, मग जो आकडा येईल तो खरा उजेड. फोटोच्या पिक्सेललाही हेच करायचं. हे केलं नाही तर मधल्या शेड सगळ्या बिघडतात, गाल सुजल्यासारखे दिसतात.

आता जुळवाजुळव. तुमच्याकडे टाइलचा साठा ठरलेला असेल, म्हणजे कोणी उरलेल्या दिल्यात किंवा दुकानदारानं फुटक्या बॉक्समधला माल स्वस्तात दिलाय, तर हाच नोल्टनचा डॉमिनोचा प्रश्न झाला, कारण तोही पूर्ण सेट वापरायचा, एकही सोंगटी उरवायची नाही. उत्तर वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. २००० खण गडद ते उजळ असे सॉर्ट करा, २००० टाइलही तशाच सॉर्ट करा आणि पहिल्याला पहिली, दुसऱ्याला दुसरी देत सुटा. फक्त उजेडच जुळवायचा असेल तर याच्याहून चांगली वाटणी गणितानं निघतच नाही. रंगही जुळवायचा असेल तर मात्र सॉर्ट करून भागत नाही, तिथे पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सायपाय म्हणून जे आहे त्यात असाइनमेंट, म्हणजे कुठल्या खणाला कुठली टाइल ही वाटणी, सोडवायचं तयार फंक्शन आहे ते वापरा, घरातल्या इंजिनिअरिंगच्या पोराला सांगा, संध्याकाळपर्यंत करून देईल.

साठा ठरलेला नसेल आणि शेड दोन-तीनच मिळत असतील तर चूक वाटून द्यायची पद्धत आहे, फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग या दोघांनी १९७६ मध्ये मांडलेली. समजा खणाला उजेड हवाय ४६ टक्के आणि जवळची टाइल आहे ४०ची, म्हणजे ६ कमी पडले, ते ६ सोडून द्यायचे नाहीत, त्याचे १६ भाग करायचे आणि ७ भाग उजवीकडच्या खणाच्या मागणीत टाकायचे, ५ बरोबर खालच्याच्या, ३ खाली डावीकडच्या आणि १ खाली उजवीकडच्या. असं ओळीओळीनं करत गेलं की एकूण उजेडाचा हिशोब जमतो. पण सहा शेड हातात असतील तर चेहऱ्यावर हे करू नका असं मी सांगेन, ४० खणांच्या चित्रात त्यानं गालावर मीठ-मिरी टाकल्यासारखं दिसतं. मागच्या पार्श्वभूमीला करा, तिथे छान लागतं.

आणि आता ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं ते ग्राउट, म्हणजे टाइलमधल्या फटी भरायचा मसाला. नीट बघा, खण २२ चा आणि टाइल २० ची, म्हणजे ४८४ मधले ४०० टाइलचे, उरलेले ८४ फटीचे, चित्राचा १७ टक्के भाग नुसता ग्राउट आहे! तुमची सगळ्यात काळी टाइल ५ टक्के उजेड परत देते असं धरा आणि फटीत भरलंत पांढरंशुभ्र ग्राउट ८० टक्क्यांचं, तर लांबून तो खण दिसणार १८ टक्क्यांचा. काळं गेलं. डोळ्यातली बुबुळं, मिशी, केस सगळं राखाडी. तेच गडद ग्रे ग्राउट १० टक्क्यांचं भरलं तर काळं ६ वर राहतं आणि ८० ची पांढरी टाइल ६८ ला उतरते, म्हणजे पांढऱ्याचं थोडं गेलं पण काळं वाचलं, आणि चेहऱ्याला काळ्याचीच गरज जास्त. बाथरूमची सवय म्हणून मिस्त्री व्हाइट सिमेंट घेऊन येतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

चिकटवायची पद्धत उलटी घ्या, सोपी पडते. सिव्हिलवाले जिथे प्लॅन प्रिंट करतात तिथे ३६ इंची रोलवर पूर्ण साइजचा नकाशा काढून मिळतो, ८८ सेंटीमीटर त्यात बरोबर बसतं. मात्र प्रिंट आरशातल्यासारखं उलटं काढायचं, कारण टाइल तोंड खाली करून कागदावर चिकटणार आहेत. प्रत्येक खणात शेडचा नंबर, आणि १० बाय १० चे तुकडे पाडा, असे २० तुकडे होतात, प्रत्येकाच्या मागे नंबर आणि वरची बाजू कुठली तो बाण. चिकटवायला मैद्याची खळ, पातळ, बोटाला लावून बघितली की हलकीच चिकटली पाहिजे. फेविकॉल नको, नंतर कागद सुटत नाही. हे काम घरातले चार जण बसून गप्पा मारत करू शकतात, गुढीपाडव्याच्या सुमारास गोदाघाटावर महारांगोळी काढायला बसलेल्या एखाद्या ताईला बोलवा, खणात राहून काम करायची शिस्त त्यांच्या हातात असते.

खाली बोर्ड कुठला ते जागेवर. घरात असेल तर १२ मिलिमीटर मरीन प्लाय, पण पावसाचं पाणी लागणार असेल तर सिमेंट बोर्डच, आपल्याकडचा जून ते सप्टेंबर प्लायला फुगवतो आणि मग टाइल सुटतात. अॅडहेसिव्ह पांढरं घ्या, काच थोडी पारदर्शक असते, खालचं ग्रे सिमेंट वर दिसून शेड बदलते (म्हणूनच सँपलचा फोटो पांढऱ्या कागदावर काढायला सांगितला). दातेरी थापीनं अॅडहेसिव्ह ओढा, तुकडा लावा, लाकडाच्या फळीनं हलकं थोपटा. एप्रिल-मे मध्ये करत असाल तर एका वेळी एकदोन तुकड्यांपुरतंच लावा, कोरड्या गरमीत वर साय धरते आणि टाइल धरत नाही. दुसऱ्या दिवशी कागद ओला करा, खळ विरघळते, कागद निघतो, पूर्ण चेहरा तेव्हा पहिल्यांदा सुलटा दिसतो आणि एखादी टाइल चुकलेली असेल तर ती काढायची हीच वेळ. मग ग्राउट, रबराच्या फ्लोटनं (सपाट थापीनं) तिरकं तिरकं फिरवत, आणि पुसायला जेमतेम ओला स्पंज, पाणी जास्त झालं की ग्राउटचा रंग फिका पडतो आणि वरचा सगळा हिशोब पाण्यात. काच कापताना गॉगल, सिमेंट कालवताना रबरी ग्लोव्हज, हे दोन्ही लहान मुलं हाताशी असोत-नसोत.

काहींना तांब्याचा मोह होतो, भांडी बाजारात पत्र्याचं कातरण मिळतं म्हणून. तांबं हवेत काळवंडत जातं, आज मोजलेला उजेड वर्षभरानं राहत नाही, त्यामुळे चेहऱ्यात नको, बॉर्डरला खुशाल लावा.

एक जागा मात्र हातानं ठरवायची, डोळ्यातला चमकता ठिपका. कॉम्प्युटर तिथे बहुतेक वेळा ग्रे देतो. ती एकच टाइल पांढरी करा आणि बाकीच्या सपाट असताना तिला किंचित तिरकी बसवा, जुन्या बायझंटाइन साम्राज्यातले कारागीर मोझाइकमध्ये सोन्याच्या काचा अशाच तिरक्या लावायचे, उजेड पकडायला. जिन्यावरून चढताना ती टाइल चमकते आणि डोळ्यात जीव येतो.

टांगताना वजन धरा, काच ८ किलो, प्लाय तेवढाच, अॅडहेसिव्ह-ग्राउट मिळून पाच-सहा, म्हणजे २० किलोच्या वर जातं, साध्या खिळ्यावर नको, विटेत अँकर बोल्ट. समोर किमान ६-७ मीटर मोकळी जागा बघा. खणांच्या कडा पूर्ण नाहीशा व्हायला तर ७५ मीटर लागतील, पण तेवढ्याची गरज नाही. चेहरा ओळखायला अडचण करतात त्या या कडाच, हे नोल्टनबरोबरचा तोच हार्मन आणि संशोधक युलेश यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलंय, त्यामुळे जागा कमी असेल तर डोळे किलकिले करून बघितलं की कडा पुसट होतात आणि चेहरा समोर येतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगणारी एक छोटी पाटी खाली लावा. आणि समोरून ट्यूबलाइट नको, काचेत तीच दिसत बसते, वरून तिरका लाइट द्या.