वाडीतल्या घराला सॅटेलाइट इंटरनेट: आकाश, खांब, वीज आणि पावसाळा

डिश जोडून नेट सुरू करायला अर्धा तास पुरतो. ती चार पावसाळे नीट चालावी यासाठी लागणारं काम मात्र डिश घरी येण्याआधीचं आहे, आणि बहुतेक ठिकाणी तेच राहून जातं. इथे कोकणातली आणि घाटाखालची घरं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. कौलारू किंवा पत्र्याचं छप्पर, भोवती माड आणि फणस, संध्याकाळी वर-खाली होणारी वीज आणि जूनपासून मुसळधार पाऊस, असं ते चित्र. गडचिरोलीत माडाच्या जागी साग आणि बांबू धरा, बाकी हिशोब तोच.

सुरुवातीला एक तपासणी करा. घराच्या सर्वांत उंच जागी किंवा जवळच्या टेपाडावर फोरजीची एखादी काडी दिवसभर टिकत असेल, तर बाहेर बसवायचा फोरजी राउटर आणि टॉवरकडे तोंड केलेली अँटेना यांवर काम भागतं. खर्च बराच वाचतो. काडी येतच नसेल तर सॅटेलाइटचा विचार करा.

कोणती सेवा

एक जात व्हीसॅटची, म्हणजे घरावरची छोटी डिश एकाच उपग्रहाशी थेट बोलते. तिचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो आणि आपल्याला आकाशात एकाच जागी स्थिर दिसतो. दुर्गम भागातल्या बँकेच्या शाखा आणि एटीएम अनेक वर्षं याच तंत्रावर चालत आले आहेत. ह्यूजेस कम्युनिकेशन्स इंडिया आणि नेल्को या त्यातल्या ओळखीच्या कंपन्या. इस्रोच्या जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ या उपग्रहांवरून ह्यूजेसची ब्रॉडबँड सेवा सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली.

दुसरी जात खालच्या कक्षेतली. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून हजारो छोटे उपग्रह फिरत असतात आणि डिश एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप उडी मारते. स्टारलिंक ही त्यातली सर्वांना माहीत असलेली कंपनी. तिला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिच्यासोबत इरादापत्रावर सह्या केल्या. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम ही नावं पुढे आहेत. आपल्या पत्त्यावर सेवा मिळते का, ते कंपनीच्या अधिकृत नकाशावर पाहूनच पैसे भरा. दुबईहून किंवा अमेरिकेहून कुणी आणलेलं किट घेऊ नका. परवानगीशिवाय ते वापरणं गुन्हा आहे, आणि दुसऱ्या देशात नोंदवलेली डिश कंपनी बंदही करते.

दोन्हींत खरा फरक विलंबाचा. व्हीसॅटवर आपली विनंती वर जाऊन खाली येते आणि उत्तरही तसंच येतं, म्हणजे एकूण १,४३,००० किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो, प्रत्यक्षात ६०० मिलिसेकंदांच्या वर जातो. सातबारा काढणं, बँकेचं काम, ईमेल आणि व्हिडिओ पाहणं यांत काही अडत नाही. व्हिडिओ कॉलवर मात्र दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात, आणि ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) लावलं की वेग फारच पडतो. खालच्या कक्षेत हा विलंब साधारण २५ ते ६० मिलिसेकंद असतो. घरून नोकरी करायची असेल तर खालच्या कक्षेतलीच सेवा घ्या.

आकाश मोजणं

व्हीसॅटला आकाशातला एकच ठिपका मोकळा लागतो. जीसॅट-११ हा ७४ अंश पूर्वेवर आहे. पुण्याहून तो जवळजवळ सरळ दक्षिणेला, ६८ अंश उंच दिसतो. गडचिरोलीहून दक्षिणेच्या थोडा पश्चिमेला, ६५ अंशांवर. एवढ्या उंचीमुळे लांबची झाडं आड येत नाहीत. इथे एक गोष्ट चकवते. या डिश ऑफसेट प्रकारच्या (सिग्नल मध्यभागी न येता तिरका परावर्तित होणाऱ्या) असल्यामुळे दिसतात त्यापेक्षा वीस-बावीस अंश वर बघत असतात. डिशचं तोंड समोरच्या आंब्याकडे दिसलं तरी किरण आंब्याच्या डोक्यावरून जात असतो. शेजारच्या टीव्हीच्या छत्रीवरून अंदाज बांधू नका, तिचा उपग्रह वेगळा असतो.

स्टारलिंकसारख्या डिशला आकाशाचा मोठा तुकडा लागतो. तिच्या नजरेचा शंकू ११० अंशांचा आहे, म्हणजे वर तोंड केलेल्या डिशला क्षितिजापासून ३५ अंशांच्या वरचं सगळं मोकळं हवं. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. क्षितिजावर एकावर एक साडेतीन मुठी रचा. त्याच्या वर जे झाड, जो डोंगर दिसेल तो अडथळा. मापाने करायचं असेल तर झाडाच्या उंचीतून डिशची उंची वजा करा आणि दीडने गुणा. माड १५ मीटर आणि डिश ५ मीटरवर असेल, तर माड किमान १५ मीटर दूर हवा. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये फोनच्या कॅमेऱ्याने आकाश तपासण्याची सोय आहे. जागा पक्की करण्याआधी ती दोन-तीन ठिकाणी उभं राहून वापरा.

ही तपासणी मार्च-एप्रिलमध्ये केली तर फसगत होते. साग तेव्हा निष्पर्ण असतो, आकाश मोकळं दिसतं. जूनमध्ये हाताएवढी पानं फुटली की दर दोन-तीन मिनिटांनी नेट तुटायला लागतं. बांबूचे नवे कोंब पावसाळ्यात काही आठवड्यांत छपराच्या वर जातात. पानगळीत पाहणी करत असाल तर प्रत्येक सागाला पूर्ण पानांचा धरा. बांबूच्या बेटाच्या बाजूला जास्तीची जागा सोडा.

खांब

कौलांवर काहीही बसवू नका. कौल फुटतं, पाणी वाशात उतरतं आणि वाऱ्यात डिश हलत राहते. पत्राही थरथरतो. खांब तिकोनी भिंतीला धरा किंवा परसात स्वतंत्र उभा करा. दीड इंची जीआय पाइप, मध्यम जाडीचा, तीन मीटर लांब, हे बहुतेक घरांना पुरतं. बाहेरून त्याचा व्यास ४८ मिलिमीटर भरतो. डिशसोबतचा अडॅप्टर त्यावर बसतो का ते आधी पाहा. व्हीसॅटच्या मोठ्या डिशला जाड पाइप लागतो, तो कंपनीच्या तंत्रज्ञाला विचारूनच घ्या.

भिंत विटेची असेल तर दोन ब्रॅकेट, एकमेकांपासून किमान दोन फूट अंतरावर, १० मिलिमीटरच्या फास्टनरने. जांभ्याच्या चिऱ्याला फास्टनर चालत नाही. फास्टनर फुलून दगड आतून दाबतो, चिरा भुसभुशीत असल्याने भोक मोठं होत जातं आणि पहिल्या वादळात ब्रॅकेट हातात येतं. तिथे भिंतीतून आरपार १२ मिलिमीटरचा थ्रेड रॉड घाला आणि आतल्या बाजूला चार इंची लोखंडी पट्टी लावून नट आवळा. परसात खांब असेल तर दोन फूट खोल खड्डा घ्या, १:२:४ काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी) भरा आणि सात दिवस पाणी मारल्यावरच वजन चढवा. खांब ओळंब्याने दोन बाजूंनी तपासा. खांब तिरका असला की डिशवरचे अंशांचे आकडे खोटे ठरतात. जवळून विजेची लाइन जात असेल तर उभा करताना खांब आडवा पडला तरी तारेला लागणार नाही, एवढं अंतर हवंच.

व्हीसॅटची डिश स्वतः फिरवू नका. ती प्रक्षेपणही करते. दिशा आणि ध्रुवीकरण (लहरींचा कोन) तंत्रज्ञ नियंत्रण केंद्राशी फोनवर बोलत जुळवतो, कारण चुकलेल्या डिशमुळे दुसऱ्या ग्राहकांचा सिग्नल बिघडतो. चालू डिशसमोर उभं राहू नका, मुलांनाही जाऊ देऊ नका. स्टारलिंकची डिश अ‍ॅप दाखवेल त्या दिशेला वळवायची. अ‍ॅपमध्ये बर्फ वितळवण्यासाठी डिश गरम ठेवण्याची सोय असते, ती बंद करून टाका. आपल्याकडे तिचा उपयोग नाही, बॅटरी मात्र खाते.

केबल

केबल २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपातून न्या, नाहीतर उंदीर-घुशी कुरतडतात आणि माकडं लोंबकळतात. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि सिलिकॉनने बुजवा. पन्हळीखालून केबल नेऊ नका. स्टारलिंकची केबल कापून पुन्हा जोडायच्या भानगडीत पडू नका. टोक पूर्ण आत जाईपर्यंत दाबा, कारण अर्धवट बसलेलं टोक हेच 'डिश सापडत नाही' या तक्रारीचं नेहमीचं कारण असतं.

व्हीसॅटच्या आरजी-६ केबलच्या एफ कनेक्टरकडे मात्र बारकाईने बघायला हवं. सिग्नल महिन्यागणिक थोडाथोडा उतरत असेल तर डिशकडचा कनेक्टर उघडा. मधली तांब्याची तार लख्ख असायला हवी. ती हिरवट पडली असेल आणि भोवतीची जाळी काळी, ओलसर दिसत असेल, तर पाणी आत गेलं आहे. वरवर पुसून भागत नाही, पाणी जाळीतून पुढे सरकलेलं असतं. वीज बंद करून केबल वीतभर मागे कापा, नवा कॉम्प्रेशन कनेक्टर बसवा आणि आपोआप चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. गुंडाळताना खालून वर जा. कौलं जशी खालच्या ओळीपासून वर चढवतात तसंच, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी बाहेर निघतं.

वीज आणि बॅटरी

स्टारलिंकची नेहमीची डिश राउटरसह सरासरी ७५ ते १०० वॉट घेते. १५० एएचची १२ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १,८०० वॉटतास. तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा जातो, उरले ७२०. १०० वॉटला सात तास. त्यात पंखा आणि दिवे धरले तर चारच तास समजा.

मिनी डिश २५ ते ४० वॉटवर चालते, राउटर तिच्यातच असतो आणि ती १२ ते ४८ व्होल्ट डीसीवर थेट जोडता येते. वीज रोज जाते त्या वाडीला हीच बरी. फक्त तारेची जाडी सांभाळा. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १० मीटर नेली तर जाऊन-येऊन २० मीटर होते, आणि ५ अँपिअरला १.७ व्होल्ट तारेतच संपतात. बॅटरी रात्री १२.१ वर आली की डिशला साडेदहाच पोचतात आणि ती बंद-चालू होत राहते. लोक डिशला दोष देतात, दोष तारेचा असतो. २.५ चौरस मिलिमीटरची तार आणि बॅटरीजवळच १२ चे २४ व्होल्ट करणारा बूस्ट कन्व्हर्टर लावला की हा त्रास संपतो. बॅटरीच्या धन टोकाला १० अँपिअरचा फ्यूज हवाच.

संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज १६०-१७० वर येतं. त्याने फारसं बिघडत नाही, डिशचा पुरवठा १०० ते २४० व्होल्टवर चालतो. घात करतो तो जास्तीचा व्होल्टेज. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की घरात ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. २७० व्होल्टवर वीज आपोआप तोडणारा रिले मेन बोर्डात बसवून घ्या.

आकाशातली वीज

वळवाच्या सरी आणि परतीचा पाऊस हे दोन काळ सर्वांत धोक्याचे. खांबाला क्लॅम्प लावून किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार किंवा जीआय पट्टी, वळणं न घेता, सरळ अर्थिंगपर्यंत न्या. हे अर्थिंग घराच्या अर्थिंगशी जोडलेलं हवं, दोन वेगळी ठेवली तर त्यांच्यातल्या व्होल्टेजच्या फरकाचा मार्ग राउटरमधून जातो. कातळावर रॉड जात नाही. तिथे माती असेल त्या बाजूला, विहिरीच्या किंवा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, कोळसा आणि मीठ भरून खड्डा करा. वायरमनकडून रोध मोजून घ्या, ५ ओहमच्या खाली आला तर उत्तम.

एवढं करूनही थेट पडलेल्या विजेपुढे काही टिकत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी अ‍ॅप फोनवर ठेवा. इशारा येताच, गडगडाट सुरू होण्याआधीच घरातला प्लग काढा. डिशची केबलही राउटरपासून सोडवा. वीज कडकडायला लागल्यावर मात्र केबलला हात लावू नका.

गोठ्यात किंवा शेजारच्या घरात नेट न्यायचं असेल तर तांब्याची लॅन केबल टाकू नका, वीज पडली की दोन्ही घरांतली उपकरणं एकदम जातात. फायबर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल लॅनमध्ये बदलणारे डबे) वापरा.

रोजचा वापर

चिऱ्याच्या दीड फुटी भिंतीतून वायफाय फारसं जात नाही. राउटर माजघराच्या दाराजवळ, ओटी आणि आतली खोली दोन्हींकडे उघडं राहील असा, छातीएवढ्या उंचीवर ठेवा. लांबच्या खोलीला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा बरा, वेग हवा तिथे ५ चा. ज्या वाडीत फोनला रेंजच नाही तिथे पहिल्याच दिवशी प्रत्येक फोनवर वायफाय कॉलिंग सुरू करा. साधे फोन कॉल घरबसल्या यायला लागतात. बँकेचा ओटीपी येतो का, ते त्याच वेळी तपासा.

डेटाची मर्यादा असेल तर एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत खातो हे ध्यानात ठेवा. व्हिडिओचा दर्जा ४८०पी वर ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप डाउनलोड बंद करा, लॅपटॉपवर जोडणी 'मीटर्ड' करा. सीसीटीव्ही बाहेरून बघायचा असेल तर क्लाउडवर चालणारा कॅमेरा घ्या, कारण साध्या प्लॅनमध्ये स्वतंत्र सार्वजनिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेटवरचा पत्ता) सहसा मिळत नाही.

नेट तुटलं की आधी वेळ पाहा. ठरावीक अंतराने काही सेकंद तुटत असेल तर झाडाची फांदी. मुसळधार सरीत पाच-दहा मिनिटं जाऊन पाऊस ओसरताच आलं तर तो पाण्याच्या थेंबांनी शोषलेला सिग्नल, त्यावर इलाज नाही, वाट पाहा. पाऊस थांबल्यावरही तासभर आलं नाही तर जोड किंवा वीजपुरवठा तपासा. कोरड्या दिवसांत व्हीसॅट अचानक मंदावलं तर डिशसमोर दांड्यावर बसवलेल्या फीडच्या (सिग्नल घेणाऱ्या-सोडणाऱ्या भागाच्या) तोंडाकडे बघा, कुंभारीण माशीने तिथे मातीचं घर बांधलेलं असू शकतं. ते काढण्याआधी मोडेमची वीज बंद करा.