बेल्जियममधला पत्ता कुठल्या सरकारच्या हद्दीत येतो ते कसं ओळखायचं

बेल्जियममधे नवीन आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात हमखास पडणारा प्रश्न म्हणजे आपण राहतो ते घर नक्की कुणाच्या अखत्यारीत येतं. देश केवढा, तर ३०,६८९ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १ कोटी १८ लाखाच्या आसपास, पण सरकारं मोजायला बसलात तर एका हाताची बोटं पुरत नाहीत. एक केंद्र सरकार, शिवाय फ्लेमिश, वालून, ब्रसेल्स, फ्रेंच समुदायाचं आणि जर्मन समुदायाचं अशी अजून पाच. मी इथे बरीच वर्षं आहे आणि नवीन येणाऱ्यांना हे सांगता सांगता माझी एक पद्धत बसून गेलीये, ती सविस्तर लिहितो, कारण हे एकदा नीट कळलं ना की घर बघताना, मुलांची शाळा ठरवताना, परमिटचे कागद काढताना बऱ्याच फेऱ्या वाचतात.

पहिली गोष्ट, वरून खाली उतरंड असते, म्हणजे देशात राज्य, राज्यात जिल्हा, जिल्ह्यात तालुका, ती कल्पना डोक्यातून काढून टाका, त्यानेच सगळा घोळ होतो. बेल्जियममधे एकाच घराची वाटणी दोनदा केलीये, एकदा जमिनीवरून आणि एकदा भाषेवरून. जमिनीवरून केलेल्या वाटणीत तीन प्रदेश येतात, फ्लांडर्स, वालोनिया आणि ब्रसेल्स-कॅपिटल. भाषेवरून केलेल्या वाटणीत तीन समुदाय येतात, फ्लेमिश, फ्रेंच आणि जर्मन भाषिक. या दोन्ही वाटण्यांच्या रेषा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि दोघींपैकी कुणीही कुणाच्या खाली नाही, दोघी बरोबरीच्या. इंटरनेटवरचे बरेचसे नकाशे फक्त प्रदेश दाखवतात, म्हणून माणूस अर्धंच समजून घेतो आणि शाळेच्या अॅडमिशनच्या वेळी अडकतो.

म्हणून मी सांगतो की खालून वर चढा. सगळ्यात खाली कम्यून, म्हणजे आपली नगरपालिका. डच भागात त्याला गेमेन्ते म्हणतात, आपली लोकं लुवेन वगैरे ठिकाणी सरळ सिटी हॉल म्हणतात, तेच ते. रोजच्या जगण्यात तुमचं खरं सरकार हे. तुम्ही लाँग स्टे व्हिसावर आलात की ८ कामाच्या दिवसांच्या आत इथेच जाऊन नाव नोंदवायचं, रेसिडन्स कार्ड इथूनच मिळतं, लायसन्स बदलून घ्यायचं तेही इथेच. नोंदणीसाठी अर्ज केला की त्या भागाचा पोलीस घरी येऊन बघून जातो की तुम्ही खरंच तिथे राहता का, आणि तो सांगून येत नाही, म्हणून घराचा ताबा मिळाल्या दिवशी बेलवर आणि पत्रपेटीवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावा, आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच ठेवू नका. एवढ्याशा कागदाच्या तुकड्यासाठी लोकांचं कार्ड महिना महिना लांबलेलं मी बघितलंय.

कम्यूनची संख्या बदलत राहते त्यामुळे जुने आकडे वाचून गोंधळू नका. १९७७ च्या आधी दोन हजारांच्या वर होत्या, तेव्हा मोठं विलीनीकरण झालं आणि त्या सहाशेच्या आत आल्या. २०१९ पासून ५८१ होत्या, आणि २०२५ च्या सुरुवातीपासून ५६५ आहेत, त्यात फ्लांडर्समधे २८५, वालोनियात २६१ आणि ब्रसेल्समधे १९. हो, ज्याला आपण ब्रसेल्स शहर म्हणतो ती खरं तर १९ कम्यून आहेत, प्रत्येकीचा महापौर वेगळा, ऑफिस वेगळं, अपॉइंटमेंट मिळायला लागणारा वेळसुद्धा वेगळा. ब्रसेल्स सिटी नावाची कम्यून त्या १९ पैकी फक्त एक.

आता तुमची कम्यून कुठल्या प्रदेशात आहे हे बघायला सोपी युक्ती म्हणजे पिनकोड. चारच आकडे असतात, त्यावरून प्रांत कळतो आणि प्रांतावरून प्रदेश. १००० ते १२९९ ब्रसेल्स. १३०० ते १४९९ वालून ब्राबांत. १५०० ते १९९९ फ्लेमिश ब्राबांतचा ब्रसेल्सभोवतीचा भाग, आणि त्याच प्रांताचा लुवेनकडचा भाग ३००० ते ३४९९. २ ने सुरू होणारे सगळे अँटवर्प. ३५०० पासून ३९९९ लिम्बर्ग. ४००० वाले लीएज, ५००० वाले नामूर, ६००० ते ६५९९ आणि ७००० वाले एनो, ६६०० ते ६९९९ लक्झेंबर्ग (हा बेल्जियमचा प्रांत, शेजारचा देश नव्हे), ८००० पश्चिम फ्लांडर्स आणि ९००० पूर्व फ्लांडर्स. अँटवर्प, लिम्बर्ग, फ्लेमिश ब्राबांत आणि दोन्ही फ्लांडर्स हे पाच प्रांत फ्लांडर्स प्रदेशातले. वालून ब्राबांत, एनो, नामूर, लीएज, लक्झेंबर्ग हे पाच वालोनियातले. झाले दहा. ब्रसेल्स कुठल्याच प्रांतात नाही. १९९५ पर्यंत प्रांत नऊच होते आणि ब्राबांत हा एकच मोठा प्रांत होता, ब्रसेल्स त्याच्यात होतं, मग त्याचे दोन तुकडे झाले आणि ब्रसेल्स दोन्हींच्या बाहेर राहिलं.

पण पिनकोड पोस्टाचा असतो, हद्दीचा नाही, हे लक्षात ठेवा. ब्रसेल्समधली अव्हेन्यू लुईझ घ्या. पत्त्यात १०५० येतं आणि १०५० म्हणजे इक्सेल, म्हणून माणूस बिनधास्त इक्सेलच्या कम्यूनमधे जाऊन नंबर घेऊन बसतो, आणि तासाभराने कळतं की हा रस्ता ब्रसेल्स सिटीच्या हद्दीत आहे, एकोणिसाव्या शतकात रस्ता बांधताना शहराने ती पट्टी आपल्यात घेतली ती आजतागायत तशीच आहे, दोन्ही बाजूंना इक्सेल आणि मधून हा रस्ता दुसऱ्याचा. ब्रसेल्समधे घर बघत असाल तर घरमालकाला पिनकोड विचारू नका, कम्यून कुठली ते विचारा.

आणि "ब्रसेल्समधेच आहे हो" या वाक्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. माझं इथलं पहिलं घर ब्रसेल्सच्या सीमेपासून चालत दहा मिनिटांवर होतं, एजंट म्हणाला होता ब्रसेल्सच समजा, मी फ्रेंचची थोडी तयारी करून आलो होतो, आणि नोंदणीला गेलो तर काउंटरवर सगळं डचमधे. अर्ज डच, सूचना डच, घरी येणारं प्रत्येक पत्र डच. त्यात कुणाचा दोष नव्हता, मी सीमेच्या पलीकडे फ्लांडर्समधे राहत होतो आणि तिथली प्रशासकीय भाषा डच आहे, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. पहिलं टॅक्सचं पत्र हातात घेऊन मी खिडकीपाशी किती वेळ उभा होतो ते अजून आठवतं, पैसे भरायचेत का परत मिळणारेत एवढंसुद्धा कळत नव्हतं. तेव्हापासून मी नवीन माणसाला घराचा फोटो बघायच्या आधी पत्ता मागतो.

नकाशा उघडून बघा, ब्रसेल्स प्रदेश चारही बाजूंनी फ्लांडर्सने वेढलेला आहे. दक्षिणेला वालोनिया अगदी जवळ आहे, मधे सिंट-खेनेसियस-रोदे नावाच्या कम्यूनची साधारण ४ किलोमीटरची पट्टी तेवढी येते, पण ती पट्टीही फ्लांडर्सचीच. ही आणि अशा अजून पाच मिळून ब्रसेल्सभोवतीच्या सहा कम्यून फॅसिलिटीवाल्या आहेत, म्हणजे आहेत फ्लांडर्समधे, ऑफिसची भाषा डच, पण रहिवाशाने मागितलं तर फ्रेंचमधे कागद मिळू शकतो. मागितलं तर, आपोआप नाही. देशभरात मिळून अशी दुसऱ्या भाषेची सोय असलेल्या २७ कम्यून आहेत. आणि विमानतळ? झावेंतेमला उतरता ते ब्रसेल्समधे नाही, फ्लेमिश ब्राबांतमधे. स्वस्त विमानं जिथे उतरतात तो शार्लरवाचा विमानतळ नावात ब्रसेल्स लावतो पण आहे एनोमधे, वालोनियात.

भाषेची रेषा १९६२-६३ मधे कायद्याने पक्की केली गेली, आणि तेव्हा काही गावं इकडून तिकडे गेली. फूरेन लीएज प्रांतातून काढून लिम्बर्गला दिलं, कोमीन आणि मुस्क्रों पश्चिम फ्लांडर्समधून एनोला. त्यामुळे फूरेन आज स्वतःच्या प्रांताला कुठेच चिकटलेलं नाही, एका बाजूला नेदरलँड्स आणि दुसरीकडे लीएज, कोमीनचंही तेच, फ्रान्स आणि पश्चिम फ्लांडर्सच्या मधे. नकाशात हे सुटे तुकडे दिसले तर छपाईची चूक समजू नका. पुढे १९७० पासून एकेक घटनादुरुस्ती होत गेली, १९८० मधे फ्लांडर्स आणि वालोनियाचे प्रदेश उभे राहिले, ब्रसेल्सचा १९८९ मधे, आणि १९९३ मधे घटनेच्या पहिल्या कलमात लिहिलं गेलं की बेल्जियम हे समुदाय आणि प्रदेश मिळून बनलेलं संघराज्य आहे.

आता कुठलं काम कुणाकडे. ढोबळ नियम असा की जे जमिनीला चिकटलेलं आहे ते प्रदेशाचं, जे माणसाला आणि भाषेला चिकटलेलं आहे ते समुदायाचं. घरं, बस, पर्यावरण, रोजगार, गाडीचा टॅक्स हे प्रदेशाकडे. म्हणूनच बसच्या कंपन्या तीन आहेत, फ्लांडर्सची डे लाइन, वालोनियाची टेक आणि ब्रसेल्सची जिला फ्रेंच लोक स्तिब म्हणतात. रेल्वे मात्र केंद्राची, आणि पोलीस, कोर्ट, सोशल सिक्युरिटीचा मोठा भागही केंद्राकडे.

घर विकत घ्यायचं असेल तर प्रदेशाचा फरक थेट खिशाला लागतो. स्वतः राहायला एकुलतं एक घर घेत असाल तर २०२५ पासून रजिस्ट्रेशन ड्यूटी फ्लांडर्समधे २ टक्के आहे, वालोनियात ३ टक्के, आणि ब्रसेल्समधे १२.५ टक्के, फक्त तिथे अटी पूर्ण केल्या तर पहिल्या २ लाख युरोंवर ड्यूटी लागत नाही. रस्त्याच्या या बाजूचं आणि त्या बाजूचं घर, किंमत सारखी, आणि ड्यूटीत हजारो युरोंचा फरक. हिशोब करूनच घराला हो म्हणा.

परमिटचं वेगळं. सिंगल परमिट, म्हणजे काम आणि राहणं या दोन्हीचा एकच परवाना, त्याचा अर्ज कंपनी करते, आणि तो तुम्ही राहता त्या नाही तर काम करता त्या प्रदेशाकडे जातो. समजा ऑफिस ब्रसेल्समधे आणि घर लुवेनला, तर परमिटची फाइल ब्रसेल्स प्रदेशाकडे, राहण्याचा भाग केंद्राच्या इमिग्रेशनकडे, आणि कार्ड घ्यायला लुवेनच्या सिटी हॉलमधे. तीन दारं झाली. कुठल्या दारावर फाइल अडलीये हे कळलं की फोन कुणाला करायचा ते कळतं.

शाळा समुदायाची. फ्लांडर्समधे डच, वालोनियात फ्रेंच, पण ब्रसेल्समधे दोन्ही समुदायांच्या शाळा शेजारी शेजारी आहेत आणि निवड तुमची. इथे एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. फ्रेंच समुदायाने २०२२ पासून वर्षाचं कॅलेंडर बदललं, त्यांच्या शाळा ऑगस्टच्या शेवटी उघडतात आणि ऑटमची सुट्टी दोन आठवड्यांची असते, डच शाळा मात्र १ सप्टेंबरलाच उघडतात. एक मूल डच शाळेत आणि एक फ्रेंच शाळेत घातलंत तर दोघांच्या सुट्ट्या जुळणार नाहीत, आणि घरी जायची तिकिटं काढताना रडायची वेळ येईल.

जर्मन भाषिक समुदाय पूर्वेला, जर्मनीला लागून, नऊ कम्यून, राजधानी ऑयपेन. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने हा भाग बेल्जियमकडे आला. त्यांची स्वतःची २५ जणांची संसद आहे, शाळा त्यांच्या, पण जमिनीच्या वाटणीत ते वालोनिया प्रदेशात आणि लीएज प्रांतात. ऑयपेनचा पत्ता वाचता आला की समजा तुम्हाला बेल्जियम वाचता आला: कम्यून ऑयपेन, पिनकोड ४७००, प्रांत लीएज, प्रदेश वालोनिया, समुदाय जर्मन भाषिक. उलट फ्लेमिश लोकांनी आपला प्रदेश आणि समुदाय यांचं सरकार एकच करून टाकलंय, त्यांची संसद ब्रसेल्समधे बसते, वालून संसद नामूरला.

शेवटी गावांच्या नावांचं, कारण यात लोकांच्या ट्रेन चुकतात. फ्लांडर्समधल्या स्टेशनवर बोर्ड डचमधे, वालोनियात फ्रेंचमधे, ब्रसेल्समधे दोन्ही. ट्रेन भाषेची रेषा ओलांडते तशी आतली अनाउन्समेंटही बदलते. लीएज डचमधे लॉइक होतं, मोंसचं बेर्खेन, तूर्नेचं डोर्निक, आणि फ्रान्समधलं लील हे रैसल. लुवेनला फ्रेंचमधे लुव्हां म्हणतात, आणि लुव्हां-ला-नव हे वेगळंच गाव आहे, लुवेनच्या विद्यापीठात १९६८ मधे भाषेवरून फूट पडली तेव्हा फ्रेंच विद्यापीठासाठी वालून ब्राबांतमधे नव्याने वसवलेलं. लुवेन ३०००, लुव्हां-ला-नव १३४८. अॅडमिशनचं पत्र आलं की आधी हा नंबर बघा, मग रूम शोधायला लागा, एका मुलाने उलट केलं आणि डिपॉझिट भरल्यावर त्याला कळलं की रूम भलत्याच गावात आहे. आणि तिकीट काढायच्या आधी त्या गावाची दोन्ही नावं फोनमधे लिहून ठेवा.