खात्यातल्या पोरांनो, ट्रेनिंगच्या आणि मदतीच्या बाबतीत या चुका टाळा

गेल्या वर्षी साताऱ्यातनं सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो आणि सांगलीला घरी येऊन बसलो, बसलो म्हणजे काय, फोनवर बसलो. पुतण्या कारागृह शिपाई आहे, त्याच्या बॅचची पोरं, तुरचीच्या ट्रेनिंग सेंटरमधनं नुकती बाहेर पडलेली पोरं, माझ्या जुन्या ठाण्यातले रायटर म्हणजे लिखापढी करणारे, सगळ्यांचे फोन. काका कोर्स शंभर टक्के दाखवतोय पण सर्टिफिकेट नाय, काका क्लिप अपलोड होत नाय, काका वकिलानं साक्षीत धुतलं. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून इथं एकदाच लिहितो.

आधी आयगॉट कर्मयोगीचं, म्हणजे सरकारी नोकरांच्या ऑनलाइन ट्रेनिंगच्या पोर्टलचं बघू. साहेबांनी ग्रुपवर टाकलं की अमुक कोर्स आठ दिवसांत संपवा, की आपली मंडळी मोबाईल चार्जिंगला लावतात, व्हिडिओ चालू करतात आणि जेवायला जातात. एकाच पोरानं बसून निम्म्या ठाण्याचे कोर्स संपवलेले मी डोळ्यानं बघितलेत आणि खरं सांगायचं तर त्यात माझाही एक होता. सर्टिफिकेट अडकतं त्याची कारणं साधी असतात. शेवटची चाचणी द्यायची राहिलेली असते, नाहीतर ज्या नंबरवर खातं उघडलं ते सिमच बंद झालेलं असतं आणि ओटीपी तिकडं जातो, नाहीतर प्रोफाइलवर नाव एक आणि सेवापुस्तकात दुसरं. नाव आणि नंबर आधी नीट करा, कोर्स नंतर.

पण सर्टिफिकेट मिळालं तरी डोक्यात काय राहिलं? १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले तेव्हा प्रत्येकानं खिशात एक चिटोरा ठेवला, खुनाच्या ३०२ चं १०३, फसवणुकीच्या ४२० चं ३१८, आणि तो पाठ झाला म्हणजे ट्रेनिंग झालं असं धरून चाललो. नंबर पाठ असणं चांगलंच, पण फसायला होतं ते दुसरीकडंच. गुन्हा घडला जून २०२४ मध्ये आणि फिर्यादी आला नंतर, तर कलम जुन्या भारतीय दंड संहितेचंच लागणार आणि तपासाची पद्धत मात्र नव्या बीएनएसएसची, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची. ही एक गोष्ट कळली नाही म्हणून एफआयआर दुरुस्त करत बसलेले लोक मला माहीत आहेत.

झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग. बीएनएसएसचं कलम १०५ वाचा, दहा ओळींचं असेल. नुसता मुद्देमाल बाहेर काढताना शूट केला म्हणजे झालं नाही, यादी तयार करणं आणि तिच्यावर पंचांच्या सह्या होणं हेही त्यात आलं पाहिजे, आणि ते रेकॉर्डिंग उशीर न लावता मॅजिस्ट्रेटकडं गेलं पाहिजे. आमच्याकडं व्हायचं काय, घरात शिरून कपाट उघडून झाल्यावर कोणाला तरी आठवायचं, अरे मोबाईल काढ. मग वकील विचारणारच की कपाट उघडायच्या आधी आत काय होतं. दारातनंच रेकॉर्डिंग चालू करा. निघायच्या आधी मोबाईलची बॅटरी आणि जागा बघा, कारण लग्नाचे फोटो आणि गुड मॉर्निंगनं फोन भरलेला असतो आणि ई-साक्ष्य, म्हणजे हे शूटिंग करून चढवायचं सरकारी ॲप, ऐन वेळी बंद पडतं. पाटणकडं, कोयनेच्या खोऱ्यात नाहीतर जावळीच्या आतल्या गावात रेंज मिळत नाही, तिथं अपलोड होत नाही म्हणून घाबरून क्लिप डिलीट करून परत शूट करू नका (केलंय लोकांनी), ती तशीच ठेवा, स्टेशन डायरीला वेळ आणि कारण लिहा आणि ठाण्यात येऊन चढवा.

आता माझी स्वतःची फजिती. सीसीटीव्हीचं फुटेज पेन ड्राइव्हवर घेतलं, पंचनामा झकास, आणि ६५ ब चं, म्हणजे जुन्या साक्ष कायद्याप्रमाणं डिजिटल पुराव्याला लागणारं सर्टिफिकेट जोडायचंच राहिलं. कोर्टात उभा होतो, बचाव पक्षाच्या वकिलानं एकच प्रश्न विचारला आणि हसला. ते हसू अजून आठवतंय. हा विषय २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं अर्जुन खोतकरांच्या केसमध्ये पक्का केलाय, केस आपल्या जालन्याच्या निवडणुकीची, मूळ डिव्हाइस समोर आणत नसाल तर सर्टिफिकेट पाहिजेच. आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली आलंय, त्याचा नमुना कायद्याच्या मागंच दिलाय, भाग अ आणि भाग ब असे दोन, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, लिहायची असते. फुटेज घेताना दुकानदाराकडनं भाग अ लगेच भरून घ्या. सहा महिन्यांनी त्याचा डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारा डबा, भंगारात गेलेला असतो आणि दुकानदार गावाला.

सायबरचं एक थोडक्यात. पैसे गेलेला माणूस ठाण्यात आला की त्याला जिल्ह्याच्या सायबर ठाण्याला पाठवून मोकळं होऊ नका. जतचा माणूस एसटीनं सांगलीत पोचेपर्यंत पैसे चार खात्यांतनं फिरून निघून जातात. समोर बसवून आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावून द्या. सायट्रेन या सरकारी सायबर ट्रेनिंग पोर्टलवर याचे कोर्स फुकट आहेत आणि ते मात्र जेवायला न जाता बघा.

जेलच्या पोरांचं दुखणं वेगळं. सांगलीच्या जेलला नवीन शिपाई आला की पहिली गोष्ट ऐकतो ती २४ जुलै १९४३ ला वसंतदादा तट ओलांडून कसे गेले त्याची, आणि मग ट्रेनिंग म्हणजे तट, टॉवर, गिनती आणि झडती एवढंच त्याच्या डोक्यात बसतं. पण याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, १९३९ साली औंध संस्थानात सुरू झालेली खुली वसाहत, तिथं कैदी बायकापोरांसह राहतो, शेती करतो. ते बघून आल्याशिवाय सुधारसेवा हा शब्द कळत नाही असं माझं मत आहे. कागदाकडं दुर्लक्ष ही यांची मोठी चूक. बीएनएसएस कलम ४७९ प्रमाणं ज्या कच्च्या कैद्याला (म्हणजे खटला अजून निकाली न निघालेल्या) आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही, त्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की अधीक्षकांनी कोर्टाला लेखी अर्ज करायचा असतो, बाकीच्यांना निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे नाही. साध्या चोरीला तीन वर्षं धरली तर एका वर्षात तारीख येते. ती तारीख कोणीतरी मोजावी लागते ना. मोजताना चूक होते ती अशी, की एकच केस बघितली जाते, दुसऱ्या ठाण्याची केस पेंडिंग असली तर ही सवलत नाही, आणि जुन्या केसवाल्यांना हे लागू नाही असं समजून त्यांना वगळलं जातं, तर ऑगस्ट २०२४ मध्येच सुप्रीम कोर्टानं त्यांनाही लागू असं सांगितलंय.

हे पुढचं जरा जपून वाचा. आपल्या खात्यात माणूस खचला की तो साहेबाला सांगत नाही, बायकोला सांगत नाही, दारूला सांगतो. भीती काय, तर सर्व्हिस शीटवर येईल, लोक मेंटल म्हणतील. टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, कोणाची परवानगी लागत नाही. आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ नं दिलेला आहे, ती कोणाची मेहरबानी नाही. लोक काय चूक करतात, तर थेट महिनाभर सिक जातात आणि खोलीत एकटे पडून राहतात, त्यानं आणखी वाईट होतं. मन थाऱ्यावर नसेल तर ड्युटी लावणाऱ्याला स्पष्ट सांगा, काही दिवस बिनहत्यारी ड्युटी द्या, आणि त्यानंही कारण न विचारता द्यावी. शेजारच्या कॉटवरचा पोरगा गप्प झालेला दिसला तर त्याला चहाला घेऊन जा, नंबर तुम्हीच लावून द्या.

शेवटचं काम अर्ध्या तासाचं आहे, तरी निम्मे लोक करत नाहीत. सेवापुस्तकात, पीएफला किंवा एनपीएसला, पगाराच्या खात्याला आणि त्या खात्यावर अपघात विमा असेल तर त्यालाही नॉमिनी कोण आहे ते जाऊन बघा. भरतीच्या दिवशी लिहिलेलं नाव लग्न झालं तरी तसंच राहतं. मी माझं रिटायर व्हायच्या आठ महिने आधी बघितलं, तर तिथं वडिलांचं नाव, आणि वडील जाऊन अकरा वर्षं झालेली.