अनोळखी धरणावर जाण्यापूर्वी: आमिषांची तयारी

गेल्या जानेवारीत इगतपुरी तालुक्यातील एका धरणावर मी भाच्याला घेऊन गेलो. त्या पाण्यावर मी त्यापूर्वी कधीच गेलो नव्हतो. सकाळी आठ ते साडेनऊ या दीड तासात माझी सात लुअर, म्हणजे गळ लावलेली कृत्रिम आमिषे, पाण्याखाली अडकून तुटली. थोड्या अंतरावर बांबूची काठी धरून बसलेले एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ आमच्याकडे पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "भाऊ, खाली जुन्या शेतांचे बांध अन् तोडलेल्या आंब्यांची खोडं हायेत. तीन तोंडांचा गळ तिथून सुटायचा नाही." लुअर चांगली होती आणि मासाही तेथे होता, मी मात्र तळ न चाचपता आमिष निवडले होते. म्हणून या तयारीत सर्वांत आधी येते ते रिकामे शिसे.

रिकामे शिसे म्हणजे गळ न बांधता दोरीच्या टोकाला लावलेले ३० ग्रॅमच्या आसपासचे साधे शिसे. ते अडकले तर तुटून जावे म्हणून शेवटचा हातभर तंगूस मुख्य दोरीपेक्षा कमजोर घ्यावा. अशी चार-पाच शिसी सोबत असावीत, कारण एखाद-दुसरे जाणारच, आणि सातशे रुपयांच्या लुअरपेक्षा ते गेलेले परवडते. शिसे फेकावे, पाण्याला लागल्यापासून दोरी सैल पडेपर्यंत मनात आकडे मोजावेत, मग काठी बाजूला ओढत ते तळावरून सावकाश सरकवावे. गुळगुळीत, जड ओढ लागली तर गाळ. काठीच्या मुठीत टकटक जाणवली तर मुरूम किंवा खडक. अडकून एकदम सुटले तर झाडोरा किंवा बांध. आकड्यांवरून खोली कळायची असेल तर तेच शिसे आधी एखाद्या शेतविहिरीत, मोजलेल्या दोरीने सोडून किती आकड्यांत किती मीटर जाते हे पाहून ठेवावे. शिशाच्या बुडाला खोबण असेल तर तीत घट्ट वनस्पती तूप दाबून भरावे. वर येताना तळाची माती त्याला चिकटते आणि ती काळा गाळ आहे की बारीक खडी, हे डोळ्यांनी दिसते. शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये.

धरणाचे वय ठाऊक असेल तर काही अंदाज घरीच बांधता येतो. दारणा १९१६ चे, चणकापूर १९११ चे. एवढ्या वर्षांत पावसाळ्यागणिक येणारी माती अशा जलाशयांच्या तळाशी साठत गेलेली असते. मुकणे, भावलीसारखी धरणे त्या मानाने कालची, तेथे बुडालेल्या शेतांचे बांध आणि खोडे शाबूत असण्याची शक्यता अधिक. पण हा अंदाजच. गाळाच्या धरणातही जुना रस्ता किंवा विहिरीचा कठडा असू शकतो, म्हणून रिकामे शिसे येथेही चुकवू नये. ज्याला खरोखर मनापासून मासेमारी करायची आहे, त्याने मे महिन्यात, पाणी उतरलेले असताना, एकदा काठी न घेता त्या धरणावर जावे आणि उघडा पडलेला तळ चालून पाहावा. कोठे खोडे आहेत, कोठे ओढ्याचे जुने पात्र वळते, हे फोनमध्ये टिपून ठेवावे. हिवाळ्यात त्याच जागेवर पाणी असते आणि मासाही बहुधा त्याच पात्राच्या कडेला असतो.

आता लुअरविषयी. परदेशी व्हिडिओंमध्ये जी लुअर दिसतात, ती बहुतेक बास माशासाठी बनवलेली असतात. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेचा मासा आहे आणि आपल्या धरणांत तो नाही. तरी ती लुअर येथे चालतात, कारण आपला मरळही त्याच्यासारखाच गवतात, खोडांच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. फरक असा की मरळ हवेतून श्वास घेण्यासाठी वर येतो, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढलेला रबरी बेडूक त्याला विशेष मानवतो. जिवंत बेडूक लावण्याची काहीच गरज नाही, आणि कोणी सुचवले तरी ते करू नये. तळाशी खोडे असल्याचे शिशाने सांगितले असेल तर तीन तोंडांच्या गळाची लुअर पेटीतून बाहेरच काढू नयेत. रबरी बेडूक किंवा ज्याच्या अंगात गळाचे टोक दडवता येते असे मऊ प्लास्टिक घ्यावे. तळ मुरमाड आणि मोकळा असेल तरच क्रँकबेट, म्हणजे ओढली की खोल जाणारी माशाच्या आकाराची कडक लुअर, ओढावीत. शिसे टाकलेच नसेल तर यातले काहीच ठरवता येत नाही, आणि मी त्या सकाळी नेमके तेच केले होते.

रंग ठरवण्यासाठी पांढरी बशी दोरीला बांधून पाण्यात सोडावी. एक मीटरच्या पुढेही ती दिसत राहिली तर पाणी स्वच्छ समजावे आणि रुपेरी, लहान, खऱ्या माशाच्या रंगाची लुअर घ्यावीत. हातभर खालीच ती दिसेनाशी झाली तर पाणी गढूळ आहे. तेथे काळपट रंग आणि पाते फिरून पाण्यात थरथर उठवणारा स्पिनर उपयोगी पडतो, कारण मासा अंगावरच्या पार्श्वरेषेने ती थरथर टिपतो. लुअर केवढे असावे, यासाठी पिठाची जुनी चाळण काठच्या गवतातून एकदा फिरवावी. तिच्यात झिंगे आले, बोटभर खवल्या मासोळ्या आल्या किंवा चतुराच्या अळ्या आल्या, तर त्याच मापाचे लुअर निवडावे. वितीएवढे लुअर दुकानात शोभून दिसते, पण जेथे मासे बोटभर झिंग्यांवर जगतात, तेथे ते बहुधा नुसतेच फिरत राहते.

रोहू, कटला आणि मृगळ यांच्यासाठी साधे आमिषच बरे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून खोली येथेही आधी कळली पाहिजे, आणि ती पुन्हा रिकाम्या शिशानेच कळते. कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि भाजलेले बेसन एकत्र मळावे आणि त्यात कापसाचे थोडे तंतू घालावेत, म्हणजे गोळा गळावर टिकतो. नुसत्या कणकेचा गोळा फेकतानाच सुटतो. गांडुळे शेणखताच्या उकिरड्यातून काढावीत आणि ओल्या मातीसह कापडी पिशवीत न्यावीत, कारण बंद प्लास्टिकमध्ये ती दुपारपर्यंत मरतात आणि वास सुटतो. एका तलावातील जिवंत मासे आमिष म्हणून दुसऱ्या तलावात कदापि नेऊ नयेत. त्यांच्यासोबत रोग जातात आणि नको असलेली जातही तेथे रुजते, जी नंतर काढता येत नाही.

थंडीत नाशिककडे पहाटेचे पाणी फार गार असते आणि मासा मंदावतो. तेव्हा लहान आमिष, सावकाश ओढ, आणि दहानंतरची वेळ. जूनपासून पुढे, पाण्यात तांबूस पिलांचा गोळा दिसला तर तेथे मरळाची जोडी राखणीला आहे असे समजावे आणि गळ न टाकता पुढे जावे, कारण ती जोडी गेली की पिले इतर माशांच्या तोंडी जातात.

जलाशयातील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी संस्थेची परवानगी घ्यावी आणि सकाळी जाळी सोडवणाऱ्यांना काय निघाले ते विचारावे. दुकानदारापेक्षा त्यांचे उत्तर खरे असते. नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे, तेथे गळ घेऊन जाऊ नये. सांडवा आणि दरवाजे यांच्यापासून दूर राहावे. कार्बनची काठी विजेच्या तारांखाली उभी धरू नये. पक्कड, टोपी, पाणी, लाइफ जॅकेट. तुटलेला तंगूस गोळा करून परत आणावा, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

आणि निघताना पेटी बंद करण्यापूर्वी शिसी मोजावीत. चार नसतील तर गाडी सुरू करू नये.