काचांचा रतीब: खिडक्या पुसण्याच्या धंद्यात कायमची गिऱ्हाइकं कशी जोडावीत

खिडक्या पुसण्याच्या धंद्याला भांडवल फार लागत नाही. एक स्क्वीजी (काचेवरचं पाणी ओढायची, रबराची पट्टी लावलेली मूठ), काच ओली करायचा मॉप, बादली, चार-सहा फडकी, शिडी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. एवढ्यावर सुरुवात होते, म्हणून यात उतरणारेही खूप. पहिली काही कामं ओळखीपाळखीतून मिळतात. काम झाल्यावर घरमालकीण म्हणते, "छान झालं हो, पुन्हा लागलं की फोन करते," आणि आपण खुशीत बादली उचलून निघतो. तो फोन बहुधा येत नाही. कामात खोट असते म्हणून नव्हे. काच रोज कणाकणाने मळते आणि रोज तिच्यातूनच बाहेर बघणाऱ्याला ते जाणवत नाही.

तेव्हा एकदा काचा पुसून दिल्या म्हणजे गिऱ्हाईक मिळालं असं धरू नका. ज्याची पुढची तारीख तुमच्या वहीत आहे, ते गिऱ्हाईक. सुटी कामं शोधत फिरण्यापेक्षा रतीब लावायचा, आणि तोही शक्यतो एकाच टापूत.

१. आधी हात बसवा, घड्याळ लावून

हे स्वतःच्या घरी करा. काच भरपूर ओली करून कडा-कोपरे मॉपने घासा. वरची बोटभर पट्टी फडक्याने कोरडी करा, स्क्वीजी त्या पट्टीवर टेकवा आणि खाली ओढा. दर ओढीनंतर रबर पुसायचं, पुढची ओढ आधीच्या ओढीवर थोडी चढवायची. रेघा उमटत असतील तर रबराची कड तपासा. झिजली असेल तर रबर उलटं करून लावा, दोन्ही कडा गेल्या की बदला. थेट ऊन पडलेली काच सावली येईपर्यंत सोडा, नाहीतर स्क्वीजी पोचायच्या आत पाणी सुकून डाग पडतात.

प्रत्येक खिडकीला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. पुढे दर ठरवताना हाच आकडा कामी येतो.

स्क्रेपरबद्दल सावध राहा. रंगाचे ठिपके दिसले की पातं लावायचा मोह होतो, पण टफन्ड काचेवर (म्हणजे तापवून कणखर केलेल्या) कारखान्यातच बारीक कण चिकटलेले असू शकतात. पात्याखाली ते फरफटले की काचभर ओरखडे. धोका आधी सांगून परवानगी घ्या, नाहीतर ठिपके राहू द्या. काचेवर आधीपासून असलेले ओरखडेही काम सुरू करण्यापूर्वी मालकाला दाखवा. काच स्वच्छ झाल्यावर ते त्याला पहिल्यांदा दिसतात आणि नाव तुमचं येतं.

२. टापू धरा

समजा एका घराला ४० मिनिटं लागतात आणि घरं विखुरलेली असल्याने दर वेळी २० मिनिटं प्रवासात जातात. ६ तासांत ६ घरं होतील. तीच घरं एकमेकांना लागून असली आणि सामान हलवायला २ मिनिटं लागली, तर तेवढ्याच वेळात ८ घरं होतात. दर तोच, मेहनतही तीच, पण रोजची दोन घरं जास्त.

म्हणून चालत फिरता येतील अशा दोन-तीन गल्ल्या निवडा. काचा भरपूर आहेत का, शिडी टेकवायला सपाट जागा आहे का, गाडी जवळ लावता येते का, एवढं बघा. शिडीचं गणित सोपं आहे: टेकण्याच्या जागेची उंची ४ मीटर असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून १ मीटर लांब. आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान भरून देणारा विमा पहिल्या कामाआधी घ्या. दुकानवाले त्याबद्दल विचारू शकतात.

३. सुरुवात दुकानांपासून

दुकानाच्या काचांचे पैसे थोडे मिळतात, पण त्या आठवड्याला किंवा पंधरवड्याला पुसाव्या लागतात आणि काम सकाळी दुकान भरण्याआधी उरकतं. शिवाय रस्त्याने जाणारे तुम्हाला काम करताना बघतात. मालकाशी बोलायला गर्दीची वेळ टाळा. एका ओळीत पाच दुकानं मिळाली की तुमची त्या रस्त्यावर रोजची ओळख झाली.

४. दार वाजवताना

याची सगळ्यांनाच धास्ती असते, आणि सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं इथूनच येतात. पत्रकं टाकून घरी वाट बघणं सोपं आहे. पण अनोळखी माणसाला घराच्या खिडक्यांशी येऊ द्यायचं तर लोकांना आधी त्याचा चेहरा बघायचा असतो.

स्वच्छ कपडे घाला. हातात बादली आणि मॉप असू द्या, म्हणजे कशासाठी आलात हे दार उघडताच कळतं. बेल वाजवून दोन पावलं मागे सरका. मग थोडक्यात बोला:

"नमस्कार, मी खिडक्यांच्या काचा पुसतो. दर महिन्याला या गल्लीत फेरी असते, समोरच्या घराचं आत्ताच झालं. तुमच्या खिडक्या बघून दर सांगू का?"

यात काम मागितलेलं नाही, फक्त दर सांगायची परवानगी मागितली आहे. एवढ्याला नाही म्हणणं लोकांना जड जातं. गल्लीत अजून एकही घर नसेल तर खोटं बोलू नका; "या आठवड्यापासून इथे फेरी सुरू करतोय" एवढंच सांगा.

"आम्ही घरीच पुसतो," असं उत्तर आलं तर वाद घालू नका. वरच्या मजल्याच्या काचा बाहेरून पुसायचं कुणाच्या जिवावर येतं, ते त्यांनाच आठवेल. "आता पाऊस येईल, काय उपयोग?" हे हमखास ऐकायला मिळतं. पावसाचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं. डाग पडतात ते काचेवर आधीच बसलेल्या धुळीचे. पुसलेल्या काचेवरून पाऊस निमूट ओघळून जातो. हे सांगा आणि वर म्हणा, "डाग दिसले तर दोन दिवसांत कळवा, फुकट पुसून देईन." असे फोन क्वचितच येतात.

ठाम "नाही" आलं तर वहीत फुली मारा, पुन्हा जाऊ नका. "नंतर बघू" आलं तर तारखेसकट लिहा आणि महिन्याने खरंच जा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तुम्ही अनोळखी राहत नाही.

५. दर

खिडक्या बघितल्याशिवाय दर सांगू नका. पहिल्या खेपेला वर्षानुवर्षांची धूळ, चौकटीतला चिखल आणि कोळ्यांची जाळी असतात. तिचा दर नेहमीच्या दीडपट-दुप्पट ठेवायला हरकत नाही. दोन्ही आकडे एकदमच सांगा: "आजचे एवढे, आणि महिन्याला येणार असेन तर पुढच्या वेळेपासून एवढे." सवलत हवीच असेल तर ती रतीब लावण्यावर द्या. घासाघीस केली म्हणून दिलीत तर गल्लीभर बातमी होते. पहिली खेप फुकट देणंही मला पटत नाही. फुकटाची वाट बघणारे पैसे द्यायच्या वेळी घरात नसतात.

६. निघताना पुढची तारीख

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पैसे हातात पडल्यावर बोलायचं असतं: "पुढची फेरी चार आठवड्यांनी, मंगळवारी. आदल्या संध्याकाळी मेसेज करतो." "पुन्हा कधी येऊ?" असं विचारलंत की निर्णय त्यांच्यावर जातो आणि ते म्हणतात, "कळवतो." तुम्ही तारीख सांगितली की त्यांना फक्त मान हलवायची असते. महिना जास्त वाटला तर आठ आठवडे सुचवा. त्याहून लांबलं की दर वेळी पहिल्या खेपेइतकीच मेहनत पडते.

वही नावांच्या क्रमाने लावू नका, गल्लीतल्या घरांच्या क्रमाने लावा. प्रत्येक घरापुढे दर, मिनिटं, कुत्रा आहे का, फाटक कसं उघडतं, पैसे कसे देतात, हे सगळं लिहा. आणि मेसेज केल्यावर जाच. एक खाडा झाला की रतीब तुटतो.

७. एका घरातून पाच

काम चालू असतानाच डावी-उजवीकडची दोन-दोन घरं आणि समोरचं घर विचारून घ्या. चकाकणारी काच समोर असते, बोलायला फार लागत नाही. ऑनलाइन नकाशावर धंद्याची मोफत नोंद करून ठेवा आणि खूश गिऱ्हाइकाला तिथे दोन ओळी लिहायला त्याच दिवशी सांगा. आठवड्याने तो विसरलेला असतो. घराचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. वरच्या मजल्याशी शिडी लावण्याआधी बेल वाजवून सांगा, आणि आत बघत राहू नका.

पुढे शुद्ध पाण्याची यंत्रणा आणि लांब दांडीचा ब्रश घ्याल. त्या पाण्यात विरघळलेले क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे काच ओली सोडली तरी डागाविना सुकते. पण हे आधी समजावलं नाही तर "ओली काच तशीच टाकून गेला" असं म्हणून जुनं गिऱ्हाईकसुद्धा तुटतं.

८. वही भरत आली की

दिवसाला ८ घरं आणि चार आठवड्यांत २० दिवस काम धरलं तर महिन्याच्या रतीबाची १६० घरं होतात. पावसाचे आणि आजारपणाचे दिवस धरून थोडी कमीच घ्या. त्या आकड्याजवळ आलात की नव्या घरांना चढा दर सांगा, आणि जुन्यांचा वाढवायचा असेल तर एक फेरी आधी कळवा. ऐन वेळी सारखं रद्द करणाऱ्यांना सोडा. टापूबाहेर एकटं पडलेलं घर असेल तर तिकडे काचा पुसणाऱ्या एखाद्याला गाठा आणि ते त्याला देऊन टाका. तुमच्या गल्लीत त्याचंही एखादं एकटं घर असू शकतं. ते मागून घ्या.