निशी-कासाईत राहायला आलात, तर शेजारच्या चोनाइकाईत या

टोकियोतल्या निशी-कासाईत घर मिळालं की मसाल्याचं दुकान कुठलं, मुलांची शाळा कुठली, हे तुम्हाला कुणीही सांगेल. २००० च्या सुमारास वाय-टू-केच्या (संगणकांतल्या सन २००० च्या तारखेच्या अडचणीच्या) कामांसाठी आपली माणसं आली आणि तोझाई मेट्रो लाइनने ओतेमाची या ऑफिसांच्या भागात थेट जाता येतं म्हणून इथेच राहिली. आता स्टेशनबाहेर मराठी कानावर पडतं. पण सगळं आपल्या-आपल्यात भागत असल्यामुळे समोरच्या जपानी घराशी ओळखच होत नाही. ती चोनाइकाईमुळे होते.

चोनाइकाई म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांची संघटना. मोठ्या वसाहतीत तिला बहुधा जिचिकाई म्हणतात. वर्गणी साधारण महिन्याला काहीशे येन. सक्ती नाही. राबणारे बहुतेक निवृत्त आजी-आजोबा. कचऱ्यावरची कावळ्यांसाठीची जाळी, उन्हाळ्यातलं बोन-ओदोरी हे सामूहिक नृत्य, डिसेंबरच्या थंडीत लाकडी टिपऱ्या वाजवत आगीपासून सावध करणारी रात्रीची फेरी, हे सगळं तेच सांभाळतात. मंडळाच्या मांडवात राबलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

काइरानबान ही सूचनांची फाइल घरोघर फिरते. वाचायची, सही करायची, पुढच्या दारी द्यायची. पहिल्या वर्षी जपानी वाचता येत नाही म्हणून मी ती दोन आठवडे घरात ठेवली. पुढच्या घरांना आपत्ती-सरावाची तारीख वेळेत कळली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. फोनने फोटो काढून भाषांतर करा, पण फाइल त्याच दिवशी पुढे द्या.

हा सराव इथे किती गरजेचा आहे ते बघा. निशी-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. वॉर्डाने २०१९ मध्ये काढलेल्या पूर-नकाशावर 'इथे थांबू नका' असं सरळ छापलं आहे. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हागिबिस वादळ आलं. भोंग्यावरची घोषणा पावसात ऐकू येईना. तेव्हा आमचं दार वाजवलं ते जिचिकाईतल्या सत्तरीच्या काकूंनी. कुठल्या शाळेत जायचं, सोबत काय घ्यायचं, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं.

पुण्यातून आलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. आपल्यापैकी प्रत्येकाने निवडणूक लढवावी असं नाही. हानचोची, म्हणजे गटप्रमुखाची, पाळी आली की ती टाळू नका, एवढंच माझं मागणं आहे. ती बहुधा वर्षभराची असते आणि त्या वर्षात गल्लीतलं प्रत्येक दार ओळखीचं होतं.

सामान लावून झालं की शेजारच्या, वरच्या आणि खालच्या घरी मिठाईचा छोटा डबा घेऊन जा. नाव काताकानात, म्हणजे परदेशी नावांसाठीच्या जपानी लिपीत, लिहून न्या. घरात किती माणसं, तान्हं बाळ आहे का, तेही सांगा. आई-वडील तीन महिन्यांसाठी आले असतील, तर त्यांनाही नेऊन भेटवा.