नव्या सुलभकांनो, तालुकास्तरावर या चुका टाळा

पुण्याला राज्यस्तरीय तज्ज्ञ तयार होतात, ते डायटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, जिल्ह्याचे सुलभक (शिक्षकांना प्रशिक्षण देणारे) तयार करतात आणि ते सुलभक तालुक्याच्या गटसाधन केंद्रात येऊन शिक्षकांचं प्रशिक्षण घेतात. आपल्या राज्यातल्या शिक्षकांची संख्या बघता ही उतरंड टळणार नाही. पण प्रत्येक पायरीवर काहीतरी गळतं, आणि गळतं ते नेमकं वर्गात उपयोगी पडणारं. याला बहुतेक वेळा आपणच कारणीभूत असतो. वर्षानुवर्षं त्याच चुका पाहून जीव मेटाकुटीला आलाय, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक: हाताने करायची कृती पडद्यावर दाखवणं.

एका तालुक्यात पायाभूत संख्याज्ञानाचं सत्र चालू होतं. विषय हातच्याची वजाबाकी. सुलभक नवीन, आवाज खणखणीत, पीपीटी देखणी. दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या यांचा फोटो पडद्यावर आला, दोन वाक्यं झाली आणि पुढची स्लाइड. खऱ्या काड्यांचं पाकीट टेबलावर तसंच, न फोडलेलं. तेवढ्यात तिसरीच्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, "सर, माझ्या वर्गात निम्मी मुलं ४२ वजा १७ चं उत्तर ३५ लिहितात. काय करू?" सुलभक म्हणाले, "चांगला प्रश्न आहे मॅडम, शेवटी घेऊ." शेवटी हजेरीची लिंक आली, ग्रुप फोटो झाला आणि बाई बसस्टँडकडे निघाल्या.

अख्ख्या दिवसाचं सोनं त्या एका प्रश्नात होतं. ३५ हे उत्तर मुलाने ठोकून दिलेलं नसतं. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ते ७ मधून २ काढतं; ५. मग ४ मधून १, ३. "मोठ्यातून लहान वजा करायचं" हे त्याला कुणी शिकवलं? आपणच, पहिलीत. ते मूल आपला नियम प्रामाणिकपणे पाळतंय. म्हणजे इलाज आणखी दहा उदाहरणं फळ्यावर सोडवण्यात नाही. त्याच्या हातात चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या आणि सतरा काड्या मागा. ते एक गठ्ठा लगेच काढून देतं. मग सुट्या सात द्यायच्या म्हटल्यावर अडतं, कारण हातात दोनच आहेत. इथे गप्प बसायचं. बहुतेक मुलं थोड्या वेळाने आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढतात. बारा सुट्या, त्यातल्या सात दिल्या, पाच उरल्या. गठ्ठे उरले दोन. २५. रबर निघतं त्या क्षणी मुलाला हातचा कळतो आणि हे फोटोत दिसत नाही. शिक्षकांनाही दिसत नाही, म्हणून प्रशिक्षणात प्रत्येक शिक्षकाच्या हातून ते रबर निघालंच पाहिजे.

माझ्या पिशवीत काड्या आणि रबरं कायम असतात. साहित्य संच वेळेवर येईल या भरवशावर मी राहत नाही. आदल्या दिवशी ग्रुपवर निरोप टाकतो: वर्गातल्या दोन वह्या आणा, एक चटपटीत मुलाची, एक अडलेल्या मुलाची. पहिलं सत्र त्या वह्यांवरच होतं. पीपीटीच्या निम्म्या स्लाइड राहून गेल्या तरी चालतात. आणि "शेवटी घेऊ" हे वाक्य मी वापरत नाही. प्रश्न आला की तिथेच थांबतो.

दुसरी चूक प्रमाणपत्राच्या घाईची. 'निष्ठा' हे शिक्षकांचं देशव्यापी प्रशिक्षण २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झालं, २०२० मध्ये कोविडमुळे दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर गेलं. दूरच्या पाड्यावरच्या शिक्षकाला घरबसल्या चांगलं साहित्य मिळालं, हा मोठा फायदा. पण व्हिडिओ पुढे ढकलायचा, प्रश्नमंजुषेची उत्तरं व्हॉट्सअॅपवरून उतरवायची आणि प्रमाणपत्र फाइलला लावायचं, हेही तेव्हाच बोकाळलं. नवे शिक्षक तर रुजू झाल्याबरोबर उत्तरसूची मागतात. मला याचा मनापासून राग येतो. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाला आपण काय तोंडाने बोलणार? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ते तास शिकण्याचे आहेत. सुलभक म्हणून उत्तरसूची पुढे पाठवू नका. कुणी मागितली तर त्याला फोन करा आणि कुठे अडलं ते विचारा; बऱ्याचदा रेंज नसते किंवा लॉगिन होत नसतं, आणि ती अडचण सुटण्यासारखी असते.

बाकीच्या चुका थोडक्यात. जेवणानंतर व्याख्यान ठेवू नका, गटकार्य ठेवा. द्विशिक्षकी शाळेतले दोन्ही शिक्षक एकाच टप्प्यात बोलावू नका, शाळा बंद पडते. यादी करतानाच केंद्रप्रमुखांशी (आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या प्रमुखांशी) बोला. पहिली-दुसरीच्या प्रशिक्षणाला "सध्या मोकळे आहेत" म्हणून सातवीच्या गुरुजींना पाठवलं असेल, तर मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळवा. पूर्वचाचणी घेतली असेल तर ती तपासा, गठ्ठा बांधून ठेवू नका. अनुभवी बाईंना भाषण ऐकवू नका, त्यांना एक पाठ घ्यायला लावा.

आणि पाठपुरावा. प्रशिक्षण संपलं की सुलभक मोकळा, असं धरून चालतात. केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, यासाठीच असते, पण तिथे परिपत्रकं वाचण्यात आणि माहिती भरण्यात दुपार होते. मी केंद्रप्रमुखांकडे आधीच अर्धा तास मागून घेतो, सकाळचा पहिला, आणि प्रत्येकाला एकच विचारतो: वर्गात काय करून पाहिलं, वही दाखवा. पहिल्या परिषदेत जेमतेम दोघं-तिघं वही काढतात, त्यांच्याशीच बोलायचं, इतरांना टोचून बोलायचं नाही. पुढच्या वेळी जास्त वह्या येतात. ३५ लिहिणारी मुलं त्या वर्गात अजून किती आहेत, हे तिथेच कळतं, आणि पुढचं सत्र कशावर घ्यायचं तेही.